तुमचा जपान आणि मेहुण्यांचा जपान

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दहा दिवस जपान फिरून आलो. ट्रेनमध्ये विसरलेली बॅग दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी मिळाली. असा देश जन्मात पाहिला नाही. पण माझे मेहुणे जपानी कंपनीत चार वर्षं होते, त्यातली दीड वर्षं तिकडेच. ते म्हणतात, ही माणसं तोंडावर गोड, पोटात वेगळीच. परक्याला कधी आपलं मानत नाहीत. माझी मुलगी जपानीची एन-थ्री परीक्षा पास झाली आहे आणि तिकडे नोकरी करायची म्हणते. जपानी माणूस खरा कसा असतो?"

तुम्हीही खरं सांगताय आणि मेहुणेही. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून गेला होतात, ते हाताखालचा माणूस म्हणून. तिकडे गिऱ्हाइकाला 'ओक्याकुसामा' म्हणतात. त्यातलं 'सामा' देवालाही लावतात. तुम्हाला भेटलेला जवळजवळ प्रत्येक जपानी, मग ती दुकानातली मुलगी असो की स्टेशनवरचा टोपीवाला, ड्यूटीवर होता आणि ती ड्यूटी तुमची सोय बघण्याची होती. मेहुण्यांना भेटलेलेही ड्यूटीवरच होते, पण त्यांना मेहुण्यांकडून काम काढून घ्यायचं होतं.

उलटं करून बघा. पुण्याला पाहुणा म्हणून आलेल्या जपान्याला आपण फेटा बांधतो, आग्रह करकरून पुरणपोळी वाढतो. तो घरी जाऊन सांगतो, भारतीयांसारखी प्रेमळ माणसं जगात नाहीत. त्याच पुण्यात ईशान्येकडून शिकायला आलेली एखादी मुलगी भाड्याची खोली शोधत फिरत असते. पुणेकर कसे असतात, हे तिलाही विचारा.

मी २२ वर्षं दुभाषीचं काम करते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, तीन वर्षं नागोयात काढली, आता बहुतेक दिवस चाकण नाहीतर रांजणगाव. या धंद्यात अख्ख्या देशांवरचे निकाल रोज कानावर पडतात, तेही दोन्ही बाजूंचे. मीटिंग सुटली की एक बाजू मला जपानीत सांगते 'भारतीय असेच', दुसरी मराठीत सांगते 'जपानी असेच', आणि दोघांनाही वाटतं मी त्यांच्याच बाजूची आहे.

पहिल्या वर्षातली माझीच चूक सांगते. प्रेसचे पार्ट करणारा भोसरीचा एक वेंडर ऑर्डरसाठी आला होता. दर बोलून झाले, नमुने टेबलावरून फिरले. जपानी साहेबांनी मान तिरकी केली, दातांतून 'स्स्' करत हवा आत ओढली आणि म्हणाले, "केन्तो शिमास." शब्दाला शब्द ठेवला तर 'विचार करतो'. मी तसंच सांगितलं. वेंडर खूश. दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवर पेढ्यांचा बॉक्स हजर. मग महिना गेला, दीड महिना गेला. ऑर्डर नाही आणि नकाराचं पत्रही नाही. शेवटी त्याने मला फोन केला, "मॅडम, ही माणसं सरळ नाहीत हो."

साहेब त्यांच्या हिशेबाने सरळच बोलले होते. तिरकी मान, 'स्स्' आणि 'केन्तो शिमास' हे तिन्ही एकत्र आले की बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'नाही', हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे मराठीत त्याला चोख शब्द तयार होता: 'बघू'. "दिवाळीत गोव्याला जायचं का?" "बघू." हे ऐकून कोणी बॅगा भरायला घेतं का? वर्गणीवाल्यांना, उसने मागणाऱ्या चुलतभावाला, पगारवाढ मागणाऱ्याला आपण सर्रास 'बघू' म्हणतो आणि समोरचा मुकाट समजून घेतो. त्या दिवशी मी "साहेब म्हणतायत, बघू" एवढं बोलले असते तर त्याचे पेढे वाचले असते.

या नकार गिळण्यामागे निव्वळ भिडस्तपणा नाही. मीटिंगला बसलेल्या माणसाला बऱ्याचदा 'हो' म्हणायचा अधिकारच नसतो. तिकडे निर्णय मीटिंगच्या आधी होतो: प्रत्येक संबंधिताला आधी एकेकटं गाठून राजी करायचं, याला 'नेमावाशी' म्हणतात. मूळ शब्द बागकामातला. झाड हलवण्यापूर्वी मुळांभोवती खणून तयारी करायची. मग 'रिंगी'चा, म्हणजे मंजुरीचा, कागद टेबलोटेबली फिरतो आणि त्यावर शिक्के पडत जातात. मुंबईहून किंवा पुण्याहून विमान पकडून 'आज फायनल करूनच येतो' म्हणत गेलेला आपला माणूस या यंत्रणेवर आपटतो आणि परत येऊन सांगतो की जपानी पोटात काही ठेवतात.

तोंडावर बोलायचं ते 'तातेमाए', मनात असतं ते 'होन्ने'. मेहुण्यांनी हे दोन शब्द तुम्हाला ऐकवलेच असतील. ही जोडी आपल्याकडे नाही असं वाटत असेल तर मुलगी पाहून गेलेल्या मंडळींचा 'पत्रिका जुळत नाही' हा निरोप आठवा.

माल रिजेक्ट झाल्यावरच्या मीटिंगा याहून कडवट. एकदा ब्रॅकेटच्या अख्ख्या लॉटला बर, म्हणजे कडेला खरखरीत धार, राहिली होती, बोट फिरवलं तर कापेल अशी. साहेबांनी विचारलं, "नाझे?" म्हणजे 'का?' मालक म्हणाला, ऑपरेटर नवीन होता. नाझे? जुना रजेवर होता. नाझे? गावची जत्रा होती. नाझे? इथे मालकाचा चेहरा लालबुंद झाला. मराठीत एकाच माणसाला ओळीने चार वेळा 'का' फक्त मास्तर नाहीतर पोलीस विचारतात. तो मला म्हणाला, "हा मला खोटं पाडायलाच बसलाय." साहेब माझ्याकडे वळून जपानीत म्हणाले, "भारतीय लोक सबबी फार सांगतात."

पाच वेळा 'का' विचारायची ही पद्धत टोयोटात रुजली आणि तिथून सगळीकडे गेली. त्या 'का'चा रोख समोरच्या माणसावर नसतो. पत्रा कापणारा पंच किती शॉटनंतर धार लावायला काढायचा हे मशीनवर कुठे लिहिलेलं होतं का, अशा ठिकाणी जाऊन पोचायचं असतं. मालकाची सगळी उत्तरं माणसांबद्दलची होती, कारण आपल्याकडे चूक झाली की आधी माणूसच शोधतात. चहा झाल्यावर सगळे शॉपवर, म्हणजे मशीनं असतात तिथे, गेले, दहा मिनिटांत बोथट पंच सापडला. दोन देशांवरचे निकाल मात्र तोवर लागून गेले होते.

सहलीहून आलेल्या बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य असतं: 'शिस्त त्यांच्या रक्तातच आहे.' याच लोकांबद्दल शंभर-दीडशे वर्षांपूर्वी परदेशी लोक काय लिहीत होते ते वाचण्यासारखं आहे. जपानी आरमाराला शिकवायला नागासाकीत आलेला डच अधिकारी काटेंडाइके १८५७ ते १८५९ या काळात तिथे होता. कोणी वेळेवर येत नाही, काम वेळेवर होत नाही, म्हणून तो वैतागला होता. सिडनी गुलिक हे अमेरिकन मिशनरी जपानमध्ये वर्षानुवर्षं राहिलेले. त्यांनी १९०३ साली लिहिलं की अनेक जपानी आळशी आणि वेळेबाबत बेफिकीर वाटतात. आज हे वाचून हसू येतं. पण ही माणसं खोटं लिहीत नव्हती, त्यांनी पाहिलं तेच लिहीत होती.

मग रक्त बदललं का? बदललं ते घड्याळ. १८७३ च्या आधी जपानमध्ये उजाडल्यापासून मावळेपर्यंत सहा भाग आणि रात्रीचे सहा, अशी वेळ मोजत. म्हणजे उन्हाळ्यात दिवसाचा एक भाग लांबे आणि थंडीत आखडे. देवळाची घंटा ऐकून चालायचं. त्यात मिनिटाचा हिशेब कुणाला हवा होता? १८७२ साली शिंबाशी ते योकोहामा रेल्वे सुरू झाली, १८७३ च्या १ जानेवारीपासून सरकारने नवं कॅलेंडर आणि सारख्या लांबीचे तास लागू केले. शाळा, लष्कर, कारखाने या सगळ्यांनी मिळून वेळ अंगात मुरवली. तरी १९२० साली १० जून हा 'वेळेची आठवण' म्हणून दिवस पाळायला सुरुवात करावी लागली. लोक आपसूक वेळ पाळत असते तर हा खटाटोप कशाला? मालाचंही तेच. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक वर्षं 'मेड इन जपान' म्हणजे स्वस्त आणि तकलादू, असाच जगाचा समज होता. अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांची जपानमधली गुणवत्तेवरची व्याख्यानं १९५० सालची. आमच्या चाकणच्या वेंडरला ऐकवतात ते सगळं जपान्यांनी एके काळी बाहेरच्याकडून ऐकलेलं आहे.

या वक्तशीरपणाची दुसरी बाजू सहलीत दिसत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात टोकियोजवळची एक गाडी वेळेच्या २० सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने माफी मागितली. ही बातमी आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर फिरली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. २००५ ची बातमी फिरली नाही. त्या वर्षी २५ एप्रिलला अमागासाकीला एक लोकल ७० ची मर्यादा असलेल्या वळणावर ताशी ११६ किलोमीटर वेगाने आली आणि रुळावरून घसरून इमारतीत घुसली. चालक धरून १०७ माणसं गेली. गाडी साधारण दीड मिनिट उशिरा धावत होती. चालक २३ वर्षांचा होता, त्याच्या हातून आधी चुका झालेल्या होत्या, आणि त्या कंपनीत चुकणाऱ्यांना 'निक्किन क्योइकु' नावाच्या अपमानास्पद शिक्षेला तोंड द्यावं लागे. तिथल्या लोकांनीच नंतर हे सगळं उकरून काढलं, पद्धतीवर कडाडून टीका केली. म्हणजे '२० सेकंदांचा जपान'ही खरा, अमागासाकीचाही खरा, आणि त्या पद्धतीवर चिडलेला जपानही तितकाच खरा.

तुमच्या बॅगेकडे येते. माझंही पाकीट नागोयाच्या भुयारी रेल्वेत राहिलं होतं. कोबानमध्ये, म्हणजे आपल्या पोलीस चौकीसारख्या ठिकाणी, हवालदाराने अर्धा तास फॉर्म भरून घेतला: नोटा किती, नाणी किती, कोणत्या दुकानाची कार्डं. तिसऱ्या दिवशी फोन आला, येन आणि येन शाबूत. पुण्याला आईला सांगितलं, आईने सोसायटीला सांगितलं. त्याच महिन्यात कोंबिनी नावाच्या छोट्या दुकानाबाहेरच्या स्टँडमध्ये ठेवलेली माझी नवी छत्री पाच मिनिटांत कुणीतरी पळवली. मी ऑफिसात चिडून सांगितलं तर सगळे हसले, "हो, छत्र्या जातात." सायकलीही जातात. ही गोष्ट आईने सोसायटीला सांगितली नाही. सांगण्यासारखी वाटलीच नसेल. 'जपानी प्रामाणिक' या गोष्टीत ती कुठे बसणार?

आणि पाकीट परत येतं त्याला सद्गुणाइतकाच बंदोबस्तही कारण आहे. चौकाचौकात कोबान आहे. लहान मुलं दहा येनचं नाणं सापडलं तरी तिथे नेऊन देतात आणि हवालदार त्याची गंभीरपणे नोंद करतो. कायद्याने सापडवणाऱ्याला ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं, आणि तीन महिन्यांत मालक आला नाही तर वस्तू साधारणपणे सापडवणाऱ्याची होते. टोकियो पोलिसांकडे वर्षाला सुमारे ४० लाख वस्तू जमा होतात. त्यात छत्र्या ढिगाने असतात, पण त्या न्यायला मालक क्वचितच येतो. स्वस्तातली पारदर्शक छत्री कुणाचीच नसते, असा अलिखित नियमच पडून गेलाय. महिलांसाठीचे आजचे वेगळे डबे टोकियोत २००० नंतर आले, तेही गर्दीत अंगचटीला येणाऱ्या पुरुषांमुळे. पाकीट परत करणारा आणि लोकलमध्ये बाईला त्रास देणारा, दोघं एकाच डब्यात असू शकतात. मुलीला तिकडे पाठवताना हे माहीत असलेलं बरं.

जपानबद्दलचं मराठी मत तरी कधी एक होतं? १९०५ साली जपानने रशियाला हरवलं तेव्हा एका आशियाई देशाने युरोपला धूळ चारली म्हणून सगळ्या हिंदुस्थानात, आणि आपल्याकडेही, लोक हरखले. धोंडो केशव कर्व्यांच्या हाती टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली. जपान त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता. त्या पुस्तिकेच्या आधाराने त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं, तेच आजचं एसएनडीटी. त्यानंतर २२ वर्षांनी, १९३८ मध्ये, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चार सहकारी डॉक्टरांबरोबर चीनला निघाले. जपानी फौजांच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांवर त्यांनी उपचार केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच त्यांचा मृत्यू झाला. कर्व्यांना दिसलेला जपान आणि कोटणीसांच्या ऑपरेशनच्या टेबलावर येणारा जपान एकच. कर्वे भाबडे होते असं मी म्हणणार नाही. त्यांना एका देशाकडून एक गोष्ट घ्यायची होती, ती त्यांनी घेतली. सगळ्या देशाला प्रशस्तिपत्र द्यायच्या भानगडीत न पडता हे जमतं. मात्र जपानने १९१० साली कोरिया गिळला, त्याची बोच आपल्याकडच्या किती जणांना लागली असेल, याची मला शंका आहे. आपल्याला दाखवायला उपयोगी पडेल तेवढाच दुसरा देश आपण बघतो, आणि आजही 'बघा जपानी, नाहीतर आपण' हे वाक्य बहुधा जपानपेक्षा आपल्या महापालिकेबद्दल असतं.

मेहुण्यांचा दुसरा मुद्दा, परक्याला आपलं मानत नाहीत. यात तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१६ साली परदेशी रहिवाशांची पाहणी केली. त्याआधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी 'परदेशी म्हणून नकार मिळाला' असं सांगितलं. मलाही एका एजंटाने कमरेत वाकून, अत्यंत आदराने, घर नाकारलं होतं. तिकडे भाडेकरूला जामीन राहणारं कोणीतरी लागतं, घरमालक बरेचसे म्हातारे असतात आणि त्यांना भाषेची, कचऱ्याच्या वर्गीकरणाची धास्ती असते. कारण समजलं म्हणून अपमान कमी होत नाही, पण पुढचं घर शोधताना काय बरोबर न्यायचं ते कळतं. मी कंपनीचं जामीनपत्र नेलं आणि घर मिळालं. त्याच जपानात, टोकियोतल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ २०१९ साली निवडून आले, आणि त्यांना मतं जपानी नागरिकांनीच दिली. त्याच वॉर्डातल्या निशी-कासाईला आज भारतीय वस्ती मोठी आहे. आणि 'फॅमिलीच पाहिजे', 'नॉनव्हेज चालणार नाही', आडनाव ऐकून 'फ्लॅट आत्ताच गेला' असं सांगणाऱ्या शहरात राहून आपण या बाबतीत कुणाला दुतोंडी म्हणावं, हा एक प्रश्नच आहे.

शिवाय 'जपानी' म्हणजे कोणते? टोकियोत सरकत्या जिन्यावर डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. ओसाकाचा माणूस पाच मिनिटांत थट्टेवर येतो. क्योतोत पाहुण्याला 'थोडा चहा-भात घेता का?' असं विचारलं की त्याने उठायची वेळ झाली, असा विनोद सगळ्या जपानमध्ये सांगतात. तो मी सदाशिव पेठेतल्या माझ्या मावशीला सांगितला, तर तिला त्यात विनोद काय ते कळलं नाही.

तुमच्या मुलीने कंपनीचं पत्र आल्यावर विचारायचे प्रश्न देशाबद्दलचे नाहीत. तिच्या विभागात महिन्याला ओव्हरटाइम किती होतो? २०१९ पासून कायद्याची सर्वसाधारण मर्यादा महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची आहे, पण खास करार करून ती वाढवता येते. तसा करार आहे का? त्या विभागात आधी किती परदेशी होते आणि ते किती वर्षं टिकले? घराला जामीन कोण राहणार? साहेब बाई आहे की पुरुष, हेसुद्धा विचारावं. मेहुण्यांनाही विचारा, पण 'जपानी कसे असतात' हे नका विचारू. 'तुमचा साहेब कसा होता, कुठल्या दिवशी काय झालं' हे विचारा. त्यातून मुलीच्या कामाचं बरंच हाती लागेल.

गेल्या मार्चमध्ये आमच्याकडचे एक साहेब पाच वर्षांनी परत गेले. नव्या माणसासाठी ठेवलेली वही त्यांनी मला वाचून दाखवली. पहिल्या पानावर मथळा 'इंदोजिन', म्हणजे 'भारतीय', आणि खाली तीन ओळी: वेळ पाळत नाहीत. 'नो प्रॉब्लेम' म्हणतात. सबबी सांगतात. तारीख पहिल्या महिन्यातली. पुढे असं पान एकही नाही; प्रत्येक वेंडरचं वेगळं पान, वर त्याचं नाव. एकावर लिहिलं होतं, 'सकाळी नऊच्या आत फोन करू नये, पूजेत असतो.' दुसऱ्यावर, 'नो प्रॉब्लेम म्हणाला की त्याच दिवशी शॉपवर जाऊन बघणे. आवाज चढवला तर खरी अडचण लगेच सांगतो.' मी विचारलं, पहिलं पान फाडणार का? म्हणाले, राहू दे, नव्या माणसाचं पहिलं पानही तसंच असणार आहे.

मुलीला एन-टू, म्हणजे एन-थ्रीच्या वरची परीक्षा, होईपर्यंत थांबवता आलं तर थांबवा, एन-थ्रीवर ऑफिसातलं बोलणं निम्मंच कळतं. आणि जाताना छत्री नेणार असेल तर मुठीला रंगीत चिकटपट्टी गुंडाळून द्या.